सात नॅनोसेकंदांची फुरसत



ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होते ते सर गणित शिकवायचे. तेव्हा प्रस्तावना बाजूला ठेवून एका साध्या भागाकारानेच सुरुवात करतो. अकोला ते अमरावती अंतर शंभर किलोमीटर धरू. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर धावतो. म्हणजे अकोल्याहून निघालेला प्रकाश अमरावतीला अर्ध्या मिलिसेकंदात पोचतो. आता त्या फायबरवर सेकंदाला १०० गिगाबिट या वेगाने माहिती चालली आहे असे समजा. हा वेग आज कुणी तोंडात बोट घालावे असा राहिलेला नाही. मोठ्या डेटा सेंटरांत ४०० गिगाबिटच्या जोडण्या रुळून गेल्या आहेत. इथरनेटचे सर्वांत लहान पॅकेट ६४ बाइटचे असते. त्याच्या पुढे ८ बाइटचा इशारा असतो आणि मागे १२ बाइट मावतील एवढी जागा रिकामी सोडावी लागते. एकूण ८४ बाइट, म्हणजे ६७२ बिट. करा भागाकार. एका पॅकेटच्या वाट्याला ६.७२ नॅनोसेकंद येतात, आणि सेकंदाला १४ कोटी ८८ लाख पॅकेटे. त्या अर्ध्या मिलिसेकंदाचा हिशेब केला तर कोणत्याही क्षणी अकोला आणि अमरावती यांच्या मधल्या काचेत ७४ हजारांहून जास्त पॅकेटे वाटेत असतात. अकोल्याची सोडून झालेली, अमरावतीची अजून न झालेली.

आजचा विषय ती पॅकेटे अमरावतीच्या टोकाला ज्या पेटीवर येऊन आदळतात, त्या पेटीच्या, म्हणजे राउटरच्या, पोटात काय चालते हा आहे. आपल्याकडे इंटरनेटबद्दल पुष्कळ बोलले जाते. मुले बिघडली का, नोकऱ्या जाणार का, डेटा कुणाच्या मालकीचा, हे सगळे प्रश्न महत्त्वाचेच आहेत. पण हे यंत्र चालते कसे, यावर मराठीत कुणी तासभर बोलताना मी क्वचितच ऐकले आहे. म्हणून हा विषय घेतला.

पेटीला पॅकेटमागे काम तरी किती? पॅकेट धडधाकट आले का ते पाहायचे. त्यावरचा पत्ता वाचायचा. मग जगभरच्या मार्गांच्या तक्त्यात शोधायचे, हे कोणत्या दाराने बाहेर काढू? या तक्त्यात आज नऊ लाखांहून अधिक नोंदी आहेत, आणि त्यांतली पत्त्याशी सर्वांत लांबवर जुळणारी नोंदच ग्राह्य धरायची असते. मग पॅकेटच्या आयुष्याचा आकडा एकाने कमी करायचा, पुढच्या मुक्कामाचा पत्ता लिहायचा आणि रांगेत लावायचे. ऐकायला किरकोळ वाटते. पण सेकंदाला तीनशे कोटी ठोके देणाऱ्या, म्हणजे ३ गिगाहर्ट्‌झच्या प्रोसेसरला ६.७२ नॅनोसेकंदांत फक्त वीस ठोके मिळतात. संगणकाच्या मुख्य मेमरीतून एक आकडा आणायला मात्र ८० ते १०० नॅनोसेकंद लागतात. मेमरीकडे एकदा हात केला की तो परत येईपर्यंत बारा-पंधरा पॅकेटे दारात उभी.

यावर माणसांनी काढलेल्या युक्त्या फार सुंदर आहेत. एकच सांगतो. १९९८ मध्ये स्टॅनफर्डच्या पंकज गुप्ता, स्टीव्हन लिन आणि निक मॅककिऑन यांनी म्हटले, झाडाच्या फांद्यांसारखा तक्ता चढत-उतरत बसण्यापेक्षा पत्त्याचे पहिले २४ बिट घ्या आणि त्यांच्या प्रत्येक शक्यतेसाठी एकेक खाना करून ठेवा. खाने होतात १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६. बहुतेक खान्यांत तेच तेच उत्तर पुन्हा लिहिलेले. मेमरीची सरळ उधळपट्टी! पण जवळजवळ प्रत्येक शोध एका फेरीत संपतो. मुंबईच्या आयआयटीत शिकलेले जॉर्ज वर्गीस यांनी २००४ मध्ये ‘नेटवर्क अल्गोरिदमिक्स’ हे पुस्तक लिहिले, त्यात असल्या हिकमती भरलेल्या आहेत. आमच्या धंद्यातली माणसे ते पुस्तक उशाशी ठेवतात, असे म्हटले तरी फार अतिशयोक्ती होणार नाही.

एवढे करूनही एका पॅकेटचे पूर्ण काम व्हायला समजा एक मायक्रोसेकंद लागला. पॅकेटे दर ६.७२ नॅनोसेकंदांनी येतच राहणार. मग एकाच वेळी सुमारे दीडशे पॅकेटांवर काम चालू असले पाहिजे, नाहीतर तुंबलेच. यातून सुटायचा एकच मार्ग, हात वाढवा. सिस्को कंपनीने २००४ मध्ये सीआरएस-१ हा राउटर आणला. त्याच्या एका चिपवर १८८ छोटे प्रोसेसर होते आणि ती चिप ४० गिगाबिटचा लोंढा पेलत असे. प्रत्येक पॅकेट एका प्रोसेसरच्या हवाली केले जाई आणि त्याचे काम तोच शेवटपर्यंत करी. माझाच मघाचा भागाकार इथे लावला तर प्रत्येकाला पॅकेटमागे तीन मायक्रोसेकंदांहून थोडा जास्त वेळ मिळतो. चैनच म्हणायची. २००७ मध्ये टिलेरा कंपनीने ६४ कोअरची, म्हणजे तितक्याच छोट्या प्रोसेसरांची, चिप काढली. तिच्या मुळाशी अनंत अग्रवाल यांचे एमआयटीतले संशोधन होते. कॅव्हियम कंपनीच्या ऑक्टिऑन चिपा १६ कोअरपासून ४८ पर्यंत गेल्या. ती कंपनी २०१८ मध्ये मार्व्हेलने घेतली आणि मार्व्हेलचे एक केंद्र आपल्या पुण्यात आहे. आज इथे बसलेल्यांपैकी कुणाचा भाचा, कुणाची पुतणी तिकडे असेलही.

अनेक प्रोसेसर एका कामाला जुंपण्याचा उद्योग महाराष्ट्राने मात्र याच्या बराच आधी केला होता, आणि तो धागा आपल्या वऱ्हाडातून जातो. मूर्तिजापूर म्हटले की आपल्याला शकुंतला आठवते, अचलपूर आणि यवतमाळकडे जाणारी ती अरुंद रुळांची गाडी. त्याच मूर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंबा गावी ११ ऑक्टोबर १९४६ रोजी डॉ. विजय भटकर यांचा जन्म झाला. पुढे नागपूर, बडोदा, दिल्लीची आयआयटी असे त्यांचे शिक्षण झाले, आणि १९८८ मध्ये पुण्यात महासंगणक बांधण्यासाठी सी-डॅक ही संस्था स्थापन झाली तेव्हा तिची धुरा त्यांच्याकडे आली.

पुढची गोष्ट आपण सगळे सांगतो. अमेरिकेने हवामानाच्या कामासाठी दिल्लीला क्रे कंपनीचा एक यंत्रसंच दिला, पण बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेला हवा होता तो अधिक ताकदीचा संच नाकारला. मग आपण तीन वर्षांत आपला महासंगणक बांधला आणि १९९१ मध्ये परम ८००० उभा राहिला. गोष्ट खरी आहे आणि अभिमानाचीही आहे. पण ती इतक्यांदा सांगून झाली आहे की तिच्यातला सर्वांत अवघड भाग कुठेतरी गळून पडला. अवघड भाग होता या प्रोसेसरांना एकमेकांशी बोलते करण्याचा.

परम ८०००मध्ये इंग्लंडच्या इनमॉस कंपनीचे टी-८०० ट्रान्सप्युटर होते. एका चिपवर प्रोसेसर, चार किलोबाइट मेमरी आणि बाहेर जाणारे चार दुवे, प्रत्येक दुवा सेकंदाला २० मेगाबिटचा. चार दुवे म्हणजे शेजारी चारच. पाचव्याला निरोप द्यायचा तर तो मधल्या कुणाच्या तरी हातून गेला पाहिजे. ट्रान्सप्युटरच्या जाळ्यात हे मधले काम त्या मधल्या प्रोसेसरलाच करावे लागे: हातातले गणित थांबवायचे, दुसऱ्याचा निरोप घ्यायचा, कुठे पाठवायचा ते ठरवायचे, पुढे ढकलायचा. थोडक्यात, प्रत्येक ट्रान्सप्युटर हा एक छोटा राउटरही होता. मी तर असे म्हणेन की महाराष्ट्रात अनेक प्रोसेसरांवर पॅकेटे हाकण्याचा अभ्यास या यंत्राने सुरू झाला. त्या वेळी त्याला ते नाव नव्हते एवढेच.

सी-डॅकच्या लोकांना हे नेमके उमगले असावे, कारण पुढच्या काळात त्यांनी प्रोसेसर बाहेरून घेतले आणि जोडणी मात्र स्वतः बांधली. तिचे नाव परमनेट. २००३ च्या परम पद्ममध्ये प्रोसेसर आयबीएमचे होते, २४८ पॉवर-४. त्यांना जोडणारे परमनेट-२ हे जाळे आपले होते, २.५ गिगाबिटचे. जगातल्या पहिल्या पाचशे महासंगणकांच्या यादीत त्या यंत्राचे नाव आले ते आपण वर्तमानपत्रांत वाचले. जाळ्याबद्दल कुठल्या मथळ्यात काही वाचल्याचे कुणाला आठवते का?

आता मूळ मुद्द्याकडे येतो. कोअर चारचे आठ केले, आठाचे सोळा केले, तर काम दुप्पट-चौपट होते का? पुष्कळदा होत नाही. कधी कधी तर उलटे कमी होते. का, ते अकोल्याच्या कापूस खरेदी केंद्राच्या उदाहरणाने सांगतो. हंगामात गाड्यांची रांग लागते. केंद्रावर एक काटा आहे, गर्दी हटत नाही, म्हणून साहेब सात काटे आणखी बसवतात. पण वजनाची नोंद करायची वही एकच आणि मुनीमही एकच. आठही काट्यांवरची माणसे वजन करून मुनीमापुढे येऊन उभी राहतात. रांग होती तशीच. फक्त ती दारातून उठून मुनीमाच्या टेबलापाशी आली. तिथे एखादा म्हातारा शेतकरी म्हणेलच, ‘काटे वाहाडोले, पन वही कोन वाहाडोन बा?’

चिपच्या पोटात ती वही म्हणजे सगळ्या कोअरनी मिळून वापरायची मेमरीतली एखादी जागा. उदाहरणार्थ, आजवर किती पॅकेटे गेली त्याचा आकडा. एका कोअरने त्यात एक मिळवायचे म्हटले की ती जागा त्याच्या कॅशमध्ये, म्हणजे त्याच्या हाताशी असलेल्या छोट्या मेमरीत, यावी लागते आणि बाकीच्यांकडची प्रत रद्द व्हावी लागते. दुसऱ्याला मिळवायचे असले की पुन्हा तीच ओढाताण. प्रत्येक फेरीला दहाहून कितीतरी अधिक नॅनोसेकंद, आणि आपल्याजवळ आहेत सात. याहून गंमत अशी की कॅश मेमरी ६४ बाइटच्या तुकड्यांनी हलवते. समजा दोन कोअरचे आकडे वेगवेगळे आहेत, एकमेकांशी काही संबंध नाही, पण योगायोगाने एकाच ६४ बाइटच्या तुकड्यात शेजारी लिहिले गेले. तरी तीच ओढाताण होते. प्रोग्राम वाचून हे कळत नाही, कारण प्रोग्रामात चूक नसते. चांगले चांगले लोक असल्या एका ओळीमागे आठवडे घालवतात.

उपाय तोच, जो खरेदी केंद्रावर करता येईल: काट्यागणिक वेगळी वही, आणि बेरीज कुणी विचारील तेव्हा. प्रत्येक कोअरचा आकडा वेगळा, रांग वेगळी, पॅकेटे ठेवायची मेमरीही वेगळी. एकमेकांना काही विचारायचे नाही. या क्षेत्रातले निम्मे शहाणपण मला एवढ्यात दिसते, आणि नवखा अभियंता नेमके हेच विसरतो. कॉलेजमध्ये आपण त्याला कुलूप लावायला शिकवतो, कुलूप लागणारच नाही अशी मांडणी करायला शिकवत नाही.

पण वह्या वेगळ्या केल्या की नवा घोळ. एका शेतकऱ्याच्या चार गाड्या चार काट्यांवर गेल्या तर त्याचा हिशेब कुणाकडे? पॅकेटांच्या बाबतीत हे आणखी नाजूक आहे. तुम्ही मोबाइलवर एखादा फोटो मागवता तेव्हा त्याची अनेक पॅकेटे होतात आणि ती क्रमाने पोचावीत अशी अपेक्षा असते. मागचे पुढे झाले तर घेणाऱ्याकडून ‘अमुक आले नाही’ असा निरोप जातो. असे तीन निरोप आले की पाठवणारा समजतो, पॅकेट हरवले, वाट तुंबली, आणि आपला वेग अर्ध्यावर आणतो. हरवलेले काहीच नसते. म्हणजे आठ कोअरनी मिळून पॅकेटे भराभर काढली, पण क्रम विस्कटला, की वेग वाढण्याऐवजी घटतो.

म्हणून नेटवर्क कार्ड स्वतःच एक वाटणी करते. पॅकेटवरचे पाठवणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे पत्ते, दोघांचे पोर्ट क्रमांक, यांचा एका ठराविक सूत्राने हॅश काढायचा आणि त्यावरून कोअर ठरवायचा. एका संभाषणाची सगळी पॅकेटे एकाच कोअरकडे जातात, क्रम आपोआप टिकतो, कुणाला कुणाला विचारावे लागत नाही. पॅकेटांवर पहारा ठेवणाऱ्या फायरवॉलला मात्र जाणारी आणि येणारी अशी दोन्ही पॅकेटे एकाच जागी लागतात, आणि पत्ते उलटे झाले की हॅशही बदलतो. यावर कोरियातल्या संशोधकांनी शोधलेली तोड अशी की सूत्राच्या किल्लीत दोन बाइटची तीच जोडी शेवटपर्यंत पुन्हा पुन्हा लिहायची. मग पत्त्यांची अदलाबदल झाली तरी उत्तर तेच येते. किल्ली बदलली, काम झाले. चिपला हात लावावा लागला नाही. ऑक्टिऑनसारख्या चिपांनी वेगळी वाट धरली. तिथे कामे वाटणारा एक स्वतंत्र भाग सिलिकॉनमध्येच असतो. तो पॅकेटला खूण बांधतो, कोणत्याही मोकळ्या कोअरला देतो, आणि बाहेर पडताना खुणेप्रमाणे क्रम पुन्हा जुळवून घेतो.

दारावरच्या घंटेबद्दलही थोडे सांगायला हवे. जुन्या पद्धतीत पॅकेट आले की कार्ड प्रोसेसरला इंटरप्ट देई: हातातले काम ठेवा, पॅकेट आले. पॅकेटे वाढली की प्रोसेसर नुसता उठबस करत राहतो आणि प्रत्यक्ष काम शून्यावर येते. जेफ्री मोगल आणि के. के. रामकृष्णन यांनी १९९६ मध्ये यावर निबंध लिहून हा आजार सगळ्यांच्या नजरेस आणून दिला. इंटेलचे वेंकी वेंकटेशन यांच्या पुढाकाराने आलेल्या डीपीडीके या प्रणालीने घंटाच काढून टाकली. कोअर अखंड कार्डाकडे पाहत राहतो, पॅकेटे दिसली की एका दमात बत्तीस वगैरे उचलतो, आणि त्यामुळे प्रत्येक फेरीचा खर्च बत्तिसांत वाटला जातो. वेंकटेशन २०१८ मध्ये गेले. आज पॅकेटांचे काम करणाऱ्या कितीतरी सॉफ्टवेअरांच्या तळाशी त्यांचे हे काम आहे. घंटा काढून टाकण्याची किंमतही आहे: रात्री तीन वाजता एकही पॅकेट नसताना तो कोअर शंभर टक्के राबत असतो, वीज खातो, तापतो. मे महिन्यात अकोल्याच्या एखाद्या सर्व्हर खोलीत ही अडचण काय असते ते तुम्हाला मी सांगायला नको.

एवढ्या खटाटोपाची गरज कुणाला, असे वाटत असेल तर १९ नोव्हेंबर २०२३ आठवा. विश्वचषकाचा अंतिम सामना हॉटस्टारवर एका क्षणी ५ कोटी ९० लाख जण पाहत होते. माणशी दोन मेगाबिट धरले तरी ११८ टेराबिट होतात, आणि दीड हजार बाइटच्या पॅकेटांत मोजले तर सेकंदाला हजार कोटींच्या घरात पॅकेटे. आपण सामना हरलो ते सोडा.

आपल्या महाविद्यालयांबद्दल एक स्पष्ट बोलतो. अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ चे, बडनेऱ्याचेही चार दशकांचे. मुले हुशार आहेत. पण संगणक जाळे हा विषय आपण अजून सात थरांची नावे पाठ करून घेऊन संपवतो. एक जुना सर्व्हर, १० गिगाबिटची दोन पोर्टांची दोन कार्डे आणि फुकट मिळणारे डीपीडीके एवढ्यावर प्रयोगशाळा होते. एका टोकाने पॅकेटे सोडायची, दुसऱ्याने मोजायची. १० गिगाबिटला सेकंदाला १ कोटी ४८ लाख ८० हजार हा आकडा एका कोअरवर गाठता येतो. मग मुद्दाम सगळ्या कोअरना एक सामाईक आकडा वाढवायला लावायचे आणि तो वेग कसा कोसळतो ते पाहायचे. सात थर पाठ असण्यापेक्षा हा कोसळणारा आलेख पाहिलेला मुलगा मी आधी नोकरीवर घेईन.

शेवटी, मघाशी सांगितलेला नियम आता कुठे तुटतो आहे ते सांगतो. एका संभाषणाला एकच कोअर, एकच वाट, हा नियम लाखो छोट्या संभाषणांसाठी उत्तम. पण कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रारूपे शिकवणाऱ्या यंत्रांत संभाषणे थोडी आणि प्रत्येक अजस्र. हॅशने दोन अजस्र प्रवाह योगायोगाने एकाच वाटेवर टाकले की ती वाट तुंबते आणि शेजारची मोकळी पडून राहते. २०२३ मध्ये स्थापन झालेल्या अल्ट्रा इथरनेट कन्सॉर्शियमने जून २०२५ मध्ये आपले पहिले मानक प्रसिद्ध केले. त्यात एकाच प्रवाहाची पॅकेटे अनेक वाटांवर पसरता येतात. प्रत्येक पॅकेट मेमरीत कुठे बसायचे ते स्वतःबरोबर घेऊन येत असेल तर ते आधी आले काय आणि नंतर आले काय, आपल्या जागी बसतेच.

फायरवॉलला ही सोय नाही. तिला प्रत्येक संभाषणाची स्थिती लक्षात ठेवावी लागते, आणि एकच संभाषण एका कोअरला झेपेनासे झाले तर काय करायचे हा प्रश्न वर्षानुवर्षे अडून होता. अलीकडच्या संशोधनात त्यावर एक उत्तर आले आहे. प्रत्येक कोअरने त्या स्थितीची आपली स्वतःची पूर्ण प्रत ठेवायची, आणि प्रत्येक पॅकेटासोबत त्याच्या आधीच्या काही पॅकेटांचा सारांश जोडून द्यायचा. कोअर आधी तो सारांश वाचून आपली प्रत ताजी करतो, मग हातातल्या पॅकेटाचा निर्णय घेतो. तेच काम सगळे कोअर पुन्हा पुन्हा करतात, आणि तरीही हे परवडते, कारण एक पॅकेट कार्डावरून उचलून हाती घ्यायला जेवढा वेळ लागतो त्याच्या मानाने स्थितीतला एक आकडा बदलायला फार थोडा लागतो.